खाऱ्या हवेतला सर्व्हर

मुंबईच्या किनाऱ्यावरच्या खारदांड्यातल्या पाच मित्रांनी माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा खेळ मॉड, म्हणजे नव्या गोष्टींची भर, घालून एकत्र खेळायचं ठरवलं, की पहिली चर्चा होते ग्राफिक्स कार्डाची. माझ्या मते ती सगळ्यांत शेवटी व्हावी. पाच जणांचं जग अडखळतं तेव्हा दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. तो कुठे असतो हे कळलं तर बेताच्या पैशांतही खेळ छान चालतो.

सगळे जण एकाच जगात फिरत असले तरी ते जग चालतं एकाच मशीनवर. त्याला सर्व्हर म्हणतात. बाकीचे कॉम्प्युटर त्या जगाचं चित्र फक्त आपापल्या पडद्यावर काढतात. सर्व्हर सेकंदाला २० वेळा जग पुढे ढकलतो आणि अशा प्रत्येक फेरीला, म्हणजे टिकला, ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात पिकं वाढवायची, कोंबड्या चालवायच्या, पाणी वाहवायचं, पाच जणांनी काय तोडलं-बांधलं ते नोंदवायचं. ‘क्रिएट’सारखा मॉड घातला की त्यात फिरते दांडे, गिअर, पवनचक्क्या आणि पट्ट्यांवरून सरकणारा माल यांचीही भर पडते. हे काम ५० ऐवजी ८० मिलिसेकंदांत होऊ लागलं, तर सेकंदाला २० ऐवजी साडेबाराच टिक होतात. मग फोडलेला दगड क्षणभराने पुन्हा जागेवर दिसतो, दार उघडायला वेळ लागतो. पाचांपैकी एकाकडे कितीही महाग ग्राफिक्स कार्ड असलं तरी त्याला हाच त्रास होतो, कारण अडलेलं असतं जग, चित्र नव्हे.

या कामाचा मोठा भाग प्रोसेसरच्या एकाच कोअरवर होतो. त्यामुळे १६ कोअरचा जुना सर्व्हर-प्रोसेसर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नये. कोअर सहा असले तरी चालतात, पण एकेक वेगवान हवा.

दुसरं ओझं अंतराचं. खेळातला एक ठोकळा एक मीटरचा. जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या चंकांत विभागलेलं असतं आणि नोव्हेंबर २०२१ मधल्या १.१८ आवृत्तीपासून त्याची उंची ३८४ ठोकळे झाली. दिसण्याचं अंतर १० चंक ठेवलं, तर प्रत्येक खेळाडूभोवती २१ बाय २१, म्हणजे ४४१ चंक उघडे राहतात. एवढ्यात साधारण ४ कोटी ३३ लाख ठोकळ्यांच्या जागा आल्या, आणि त्या फक्त एका खेळाडूच्या. अंतर ६ वर आणलं की ४४१ चे १६९ होतात. पैसे खर्च करण्याआधी सर्व्हरच्या सेटिंगमधला हा एक आकडा बदलून पाहावा. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा क्वचितच एखाद्या नव्या वस्तूने पडतो.

आता रॅम. शंभर-दीडशे मॉडच्या पॅकला ६ ते ८ जीबी एकट्या खेळासाठीच लागतात. त्याच मशीनवर सर्व्हरही चालवायचा आणि स्वतःही खेळायचं, तर एकूण १६ जीबी कमी पडतात, ३२ बऱ्या. मात्र हाताशी आहे म्हणून सगळी रॅम खेळाला देऊ नये. खेळ ज्यावर चालतो ते जावा नको झालेल्या गोष्टी मेमरीतून अधूनमधून झाडून काढतं. ढीग मोठा झाला, की तो झाडताना जग क्षणभर थांबतं.

ग्राफिक्स कार्डाशिवाय सुरुवात करायची असेल, तर एएमडीचा २०२१ मधला रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर मला अजूनही चांगला वाटतो. सहा कोअर, ६५ वॅट, आणि ग्राफिक्स आतच. हे आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, मुख्य रॅमच वापरतं. म्हणून सर्व्हर न चालवता नुसतं खेळायचं असेल तरी १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्यांमुळे माहितीचा रस्ता दुपटीने रुंद होतो आणि आतल्या ग्राफिक्सवर खेळ उघडउघड सुधारतो. झळाळतं पाणी आणि सावल्या दाखवणारे शेडर हवे असतील तेव्हाच वेगळं कार्ड घ्यायचं. डिस्क मात्र एसएसडीच हवी, कारण कोणी बोटीतून नवीन भागात शिरलं की चंक धडाधड वाचले-लिहिले जातात.

खरेदीला खार रोडहून धीमी लोकल पकडून ग्रँट रोडला उतरायचं आणि कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठायचा. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचं अधिकृत नाव. जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं आणि प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्यावा, वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो.

इथवरचं सगळं मुंबईत कुठेही लागू पडेल. दांड्याची गोष्ट वेगळी होते ती हवेमुळे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात आणि पंखे ते कॅबिनेटमध्ये ओढतात. कोरडं मीठ निरुपद्रवी असतं. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. पावसाळ्यात मुंबईची हवा सलग कित्येक दिवस या रेषेच्या वर असते. असं खारं पाणी वीज वाहून नेतं आणि मदरबोर्डावरच्या दोन पायांमधलं अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी असतं. जोडण्या हिरव्या पडतात, रॅम लागत नाही, यूएसबी मध्येच तुटतं.

यावर उपाय आहे, आणि तो मशीनच्या उबेत आहे. हवा तापली की तिची पाणी धरून ठेवायची ताकद वाढते. बाहेर २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रता असली, तरी तीच हवा कॅबिनेटमध्ये ३८ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता साधारण ४८ टक्क्यांवर येते, म्हणजे रेषेच्या बरीच खाली. म्हणून पावसाळ्यात कॉम्प्युटर महिनाभर झाकून ठेवण्यापेक्षा रोज तास-दोन तास चालवलेला बरा. तो समुद्राकडच्या खिडकीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवावा, हवा आत घेणाऱ्या पंख्यापुढे बारीक जाळी लावावी, आणि मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, मऊ कोरड्या ब्रशने आतली धूळ काढावी. धूळ ओलावा धरते, त्यामुळे ही सफाई सप्टेंबरपर्यंत टाळू नये. ६५ वॅटचा प्रोसेसर इथे आणखी एका कारणाने सोयीचा आहे. उष्णता कमी, म्हणून पंखे कमी, म्हणून मीठही कमी.

विजेसाठी छोटा यूपीएस हवाच. जग डिस्कवर लिहिलं जात असताना वीज गेली तर चंक बिघडतात. सर्व्हर नीट थांबवायला काही मिनिटं मिळाली तरी पुरे.

आता मॉड. खेळाच्या कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत मॉड घालायला आधी लोडर लागतो. फोर्ज, फॅब्रिक आणि २०२३ मध्ये फोर्जपासून वेगळा झालेला निओफोर्ज हे मुख्य. पाचही जणांचा लोडर एक, खेळाची आवृत्ती एक, आणि जगात नवीन वस्तू आणणारे मॉड त्याच आवृत्तीचे हवेत, सर्व्हरवरही आणि प्रत्येकाकडेही. एका आकड्याचा फरक पडला तरी जोडणी नाकारली जाऊ शकते. चित्र जलद काढणारा ‘सोडियम’ किंवा कोपऱ्यातला नकाशा असे मॉड मात्र ज्याचे त्याने घालावेत. एकेक फाइल व्हॉट्सअॅपवर फिरवण्याऐवजी एकाने प्रिझम लाँचरमध्ये पॅक बांधावा आणि सगळ्यांनी तोच उघडावा. पंधरा मॉडनी सुरुवात करून आठवड्याला दोन-तीन वाढवणं मला योग्य वाटतं. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते लगेच सापडतं.

अनोळखी ठिकाणाहून मॉड घेऊ नयेत. मॉड म्हणजे तुमच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम असतो. जून २०२३ मध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा घातक कोड कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या ठिकाणच्या मॉडमध्येही शिरला होता. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरशेल’ या त्रुटीमुळे नुसता चॅटमध्ये लिहिलेला मजकूर सर्व्हरवर परका कोड चालवू शकत होता. १.१८.१ मध्ये ती दुरुस्त झाली, पण जुन्या आवृत्त्यांवरचे पॅक आजही खेळले जातात. ते चालवायचे तर खेळ बनवणाऱ्या मोजांगने दिलेली दुरुस्ती आधी लावावी. व्हाइटलिस्ट, म्हणजे ज्यांना आत येऊ द्यायचं त्यांचीच यादी, मात्र प्रत्येक सर्व्हरवर चालू हवी.

जोडणीचं सगळ्यांत सोपं उत्तर म्हणजे एका घरात जमून एका नेटवर्क स्विचला केबल लावणं. दाटीवाटीच्या वस्तीत २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच मिळतात, १, ६ आणि ११, आणि ते शेजाऱ्यांनी भरलेले असतात. घरोघरून खेळायचं तर दुसरी अडचण येते. अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे राउटरवर खेळाचा २५५६५ हा पोर्ट उघडूनही बाहेरच्याला आत येता येत नाही. अशा वेळी टेलस्केल किंवा झिरोटियर वापरून पाच मशीनचं खासगी जाळं बनवता येतं, किंवा भाड्याचा सर्व्हर घेता येतो. भाड्याचा घेतला तर मुंबईतलाच घ्यावा. परदेशांना जोडणाऱ्या कित्येक समुद्री केबल दांड्याच्या उत्तरेला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात खऱ्या, पण सर्व्हर सिंगापूरला असेल तर प्रत्येक ठोकळ्याची बातमी तिकडे जाऊन परत यावी लागते.

पाचांपैकी दोघांकडे फक्त मोबाइल असेल तर? जावा आवृत्ती त्यांच्यासाठी नाही. त्यांना बाहेर ठेवण्यापेक्षा मी लुआंटी सुचवेन. २०१० पासून मिनेटेस्ट म्हणून ओळखला जाणारा, ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललेला हा ठोकळ्यांच्या खेळांचा मुक्त मंच अँड्रॉइडवर आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. इथे मॉड सर्व्हरवर चालतात आणि लागणारी चित्रं, आवाज खेळाडूकडे जोडताक्षणी आपोआप येतात, त्यामुळे मॉडच्या याद्या जुळवायचा प्रश्नच उरत नाही.

खेळात काय बांधायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ठोकळा मीटरचा असल्यामुळे दांड्याच्या गल्ल्या, होड्या आणि बोंबील सुकवायच्या वलांडी खऱ्या मापात उभ्या करता येतात. यूएन-हॅबिटॅट आणि मोजांग यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ उपक्रमात वस्त्यांतल्या लोकांनी आपली मैदानं आणि बागा अशाच रचून पाहिल्या. त्याची सुरुवात नैरोबीच्या किबेरात झाली आणि पुढे मुंबईतही एक प्रकल्प झाला.

असं काही महिनाभर खपून बांधलं, की जगाच्या फोल्डरची नक्कल ठेवणं आलंच. सर्व्हर थांबवूनच ती करावी, चालू असताना केलेली नक्कल अर्धवट निघू शकते. मॉड काढून टाकल्यावर जो चंक उघडतो, त्यातले त्या मॉडचे ठोकळे नाहीसे होतात आणि मॉड परत घातला तरी येत नाहीत. म्हणून मॉडची यादी बदलण्याआधीची नक्कल तारीख घालून वेगळी ठेवावी, आणि शक्यतो पाचांपैकी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी.