मेंदूतला निरोप आणि कॅल्शियम



परीक्षा जवळ आली की आपल्या पडेगावच्या वस्त्यांत मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या जातात. पोराचा मेंदू तल्लख होईल, ही आशा. उलट एखाद्या बाईच्या हाताची बोटे आखडली, झटका आला, तर 'अंगात आलं' म्हणून लिंबू उतरवले जाते. या दोन्ही गैरसमजांत कॅल्शियमचे खरे काम झाकले जाते. ते आपण समजून घेऊ.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये अगदी बारीक फट असते. विजेसारखा संदेश पेशीच्या टोकाशी आला की तिथली सूक्ष्म दारे उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियम आत शिरते. ते आत येताच रसायनाने भरलेल्या बारीक पिशव्या फुटतात. रसायन फट ओलांडते आणि पलीकडच्या पेशीला निरोप मिळतो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास घडते.

हे शोधण्यात बर्नार्ड कात्झ यांचा मोठा वाटा आहे. ज्यू असल्यामुळे १९३५ मध्ये त्यांना हिटलरची जर्मनी सोडून लंडनला यावे लागले. बेडकाच्या नसेभोवतीच्या द्रवातून कॅल्शियम काढले, तर संदेश टोकापर्यंत येतो, पण स्नायू हलत नाही. कॅल्शियम परत दिले की हलतो, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले. १९७० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जन्मावरून ज्यांना हाकलले, त्यांनीच जगाला हे ज्ञान दिले.

मग जास्त गोळ्या खाल्ल्या तर मेंदू जास्त चालेल का? नाही. रक्तातले कॅल्शियम शरीर काटेकोर राखते: १०० मिलिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. आहारात कमी पडले तर ते हाडांतून काढून घेतले जाते. म्हणून तोटा आधी हाडांना होतो.

रक्तातली पातळी फारच घसरली, तर मात्र नसा विनाकारण चेतवल्या जातात. ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, कधी झटकेही येतात. 'ड' जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, थायरॉइडची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा आजार यांत असे होऊ शकते. नवजात बाळालाही होते. झटक्याची इतर कारणेही असतात. ती तपासणीतूनच कळतात.

झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. १०८ ला फोन करा, घाटीत न्या. देवऱ्हाशाकडे घालवलेला तास जिवावर बेतू शकतो.

रोजच्या जेवणाचे पाहू. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम ज्वारीत ते तीसच्या आत, तर नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. म्हणून आठवड्यातून काही दिवस नाचणीची भाकरी करा. तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, दही, सुकट हेही चांगले. पत्र्याच्या खोलीतून बाहेर पडून थोडे ऊनही अंगावर घ्या.

गरोदर बहिणींनी चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातल्या कॅल्शियमच्या गोळ्या जरूर घ्याव्यात, बाळंतपणानंतरही सहा महिने. लोहाची गोळी मात्र वेगळ्या वेळी घ्यावी. बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आजारपणातही आपण तेच करू.