खोकला लपवू नका, बेडका तपासून घ्या

आमच्या वस्तीतील एका बांधकाम मजुराला तीन महिने खोकला होता. बेडका पडे, तो फडक्यात घेऊन गुपचूप टाकून येई. विहारात वंदनेला आला तरी दाराशीच बसे. विचारले तर म्हणे, "दादा, सिमेंटची धूळ आहे, जाईल." खरी गोष्ट वेगळीच होती. मुलीची सोयरीक जमत होती आणि टीबी निघाला तर ती मोडेल, ही धास्ती. रक्त पडले तेव्हा दवाखान्यात नेले. टीबीच निघाला. धाकट्या मुलालाही तो झालेला होता. औषधाने दोघे बरे झाले. पण वेळेवर तपासले असते तर पोर कदाचित वाचले असते या त्रासातून.

बंधू-भगिनींनो, मी डॉक्टर नाही, कारकून आहे. रुग्णांसोबत दवाखान्याच्या रांगेत उभे राहून जे कळले ते सांगतो.

कफाचा प्रत्येक खोकला टीबीचा नसतो. पडशानंतरचा खोकला बहुधा तीन आठवड्यांत जातो. कफ पिवळा-हिरवा दिसला म्हणून मनानेच अँटिबायोटिक गोळ्या आणून खाऊ नयेत. थंडी वाजून ताप, छातीत कळ आणि गंजासारखा कफ असेल तर न्यूमोनियाची शंका. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सलग दोन वर्षे, दरवर्षी तीन-तीन महिने कफ पडत असेल तर श्वासनळ्यांची जुनी सूज असू शकते. बिडी ओढणारे आणि चुलीच्या धुरात जन्म गेलेल्या आपल्या आयाबाया यांना ती जडते. पंचशील घेऊन आपण दारू सोडतो, मग बिडी खिशात का ठेवावी? दम्यातही कफ पडतो. आडवे होताच धाप लागून गुलाबी फेसाळ कफ आला तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. क्षणभरही थांबू नये.

कामाची धूळही कारण असते. दगडखाणीत, खडीच्या मशीनवर राबणाऱ्यांच्या फुप्फुसात दगडाची भुकटी साचते आणि त्यांना टीबीचाही धोका वाढतो. गिरण्यांत कापसाची धूळ छातीत जाई. विणखात्यात मात्र आपल्या माणसांना मज्जाव होता, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला.

टीबी हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे. तो जंतूंमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिले. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणे दिसताच बेडका तपासावा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. साधारण सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. पासबुक सोबत न्यावे.

भिक्षूंनी दुर्लक्षिलेल्या आजारी भिक्षूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर बसवले गेले, त्या आपणच आपल्या रुग्णाला दाराशी बसवणार काय?