टायरमधला वाळलेला चीक

मैत्रिणींनो, फणस चिरायला बसण्याआधी आपण हाताला आणि विळीला तेल लावतो. कारण फणसाचा चीक एकदा वाळला की साबणाने घासून हात लाल होतात, पण चीक काही हलत नाही. चिकाचा हा स्वभाव मला गेल्या डिसेंबरात फार उपयोगी पडला. फणसासाठी नव्हे हं, मुलीच्या सायकलीसाठी!

त्याचं असं झालं. आम्ही तिरोड्याला राहतो. नववीतली आमची मुलगी आणि तिचा चुलतभाऊ एका रविवारी सायकलींवरून बोदलकशाला पक्षी बघायला गेले. बोदलकसा म्हणजे आमच्या तालुक्यातला, १९१७ सालचं मातीचं धरण असलेला तलाव. हिवाळ्यात तिथे लांबलांबची बदकं उतरतात. पण रस्ता जंगलाचा, आणि नागझिऱ्याचं जंगल शेजारीच. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाल्यापासून तर पोर तिकडे निघाली की घरच्यांचा जीव टांगणीला.

परतताना मुलीच्या सायकलीत बाभळीचा काटा गेला. धानाच्या बांधांवर बाभळी, तेव्हा काट्यांना काय तोटा! पण ही सायकल मामाने दिलेली, ट्यूबलेस टायरची. काटा गेला तरी आतलं औषध, म्हणजे सीलंट, भोक आपोआप बुजवतं, असं त्याने सांगितलं होतं. त्या दिवशी काहीच बुजलं नाही. फुस्स करून हवा गेली. दोघं पोरं सायकल ढकलत निघाली. अंधार पडता पडता एका टेम्पोवाल्याने घरी आणून सोडलं.

आमचे 'हे' अंगणातच येरझारा घालत होते. लेकीला पाहिलं आणि काळजीचा राग झाला. "उद्यापासून सायकल बंद!" मुलगी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अहो, आधी बघू तरी काय बिघडलंय ते." दुसऱ्या दिवशी दुकानात चौकशी केली, तर "टायर फेका, नवे घाला" असा सल्ला मिळाला. टायर तर वरून कोरा करकरीत!

मग मीच ते उघडलं. आत दुधावरच्या सायीसारखे पिवळट पापुद्रे चिकटलेले आणि एका बाजूला सुपारीएवढी गोळी. ओलाव्याचा थेंब नाही. सायकल सगळा उन्हाळा पडवीत उभी होती, तिथेच घोटाळा झाला.

या सायकलींच्या बहुतेक सीलंटमध्ये रबराच्या झाडाचा चीकच असतो. तो पातळ राहावा म्हणून त्यात अमोनिया आणि इतर द्रव्यं घालतात. काटा लागला की हवेबरोबर चीक भोकात येतो आणि तिथे गोठून बूच बसतो. पण आतलं पाणी हळूहळू उडून गेलं की सगळा चीक टायरमध्येच गोठतो. मग तो पाण्यात विरघळून पुन्हा पातळ होत नाही. आपल्या विदर्भातल्या उन्हात तर हे काम दोन-तीन महिन्यांतही उरकतं.

आता साफ कसं करायचं ते सांगते. आधी हवा पूर्ण सोडा. टायरची कड दोन्ही बाजूंनी अंगठ्याने आत ढकलून सैल करा. नाहीच निघाली तर प्लॅस्टिकची टायर काढायची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको. आत ओलं सीलंट असेल तर जुन्या फडक्याने पुसून घ्या. ते मोरीत ओतू नका. नळीत गोठलं की मोरी तुंबलीच म्हणून समजा.

मग टायर कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजू द्या. पापुद्र्याचं एक टोक नखाने उचला आणि सावकाश ओढा. पुष्कळदा वीतभर तुकडा एकदम सुटून येतो. राहिलेल्या पातळ थरावर कोरड्या अंगठ्याने खोडरबरासारखं घासा, त्याच्या वळ्या होऊन निघतात. निघालेल्या चिकाची गोळी करून तीच वर घासली तर चीक चिकाला धरतो. हट्टी जागी नायलॉनचा ब्रश चालेल, लोखंडी काथ्या नको.

इथे फणसाची युक्ती मात्र वापरायची नाही! तेल, रॉकेल, पेट्रोल यांनी चीक सुटतो खरा, पण टायरही रबराचंच. तेही फुगतं आणि नरम पडतं.

सगळं लख्ख व्हायलाच हवं असंही नाही. टायरच्या मधल्या भागाला पातळ थर राहिला तर बिघडत नाही. पण जी कड रिममध्ये बसते ती कड आणि रिमची खाच अगदी स्वच्छ हवी, नाहीतर तिथून हवा जाते. रिमवरची पट्टी फाटलेली नाही ना, ते बघा. व्हॉल्व्हची पिन काढून तीही साफ करा. चिकाने पार बुजली असेल तर नवी घाला. शेवटी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा राहिला असेल तिथे कापूस अडकतो. आमच्या टायरमध्ये असे तीन काटे सापडले!

नवं सीलंट बाटली हलवून, वर लिहिलेल्या मापाने घाला. कडेला साबणाचं पाणी लावून हवा भरा, पण टायरवर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त नको. मग चाक फिरवा आणि दोन्ही बाजूंवर थोडा वेळ आडवं ठेवा. अमोनियाचा वास उग्र असतो, म्हणून हे काम अंगणात करावं. रबराची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी यात हात घालू नये. कपड्यावर थेंब पडला तर लगेच गार पाण्याने धुवा. वाळल्यावर डाग जवळजवळ निघतच नाही.

पहिलं टायर मी केलं, दुसरं मुलीने. 'हे' आधी लांबूनच बघत होते. मग पंप घेऊन आले. जंगलाची त्यांची काळजी खोटी नव्हती. म्हणून आता ठरलंय, की पिशवीत एक ट्यूब आणि पंप नेहमी असायचा, तलावावरून चार वाजता निघायचं, आणि दर दोन महिन्यांनी टायर हलवून आत डुचमळ ऐकू येते का ते बघायचं. भिंतीवरच्या कालनिर्णयात तशा खुणाही केल्यात.

जानेवारीत ती पुन्हा बोदलकशाला जाऊन आली. घरी आल्यावर टायरवर एक पांढरा ठिपका दाखवून म्हणाली, "आई, बघ, काटा लागला होता. मला कळलंसुद्धा नाही!"