मोठे टायर टाकताय? आधी ॲक्सलच्या गिअरचं गणित करा

गेल्या पावसाळ्यात मित्राच्या जुन्या फोर-बाय-फोर गाडीला आम्ही मोठे टायर टाकले. गाडी दिसायला एकदम भारी! पण ताम्हिणी घाटात चढावर थांबलो आणि गाडी परत उचलेना. अर्धा क्लच, जास्त रेस, पुन्हा अर्धा क्लच... शेवटी जळका वास आला आणि क्लच प्लेट गेली. इंजिन ठणठणीत होतं. चूक आमची होती. टायर बदलले, पण गिअरचा विचारच केला नाही.

मोठ्या टायरने नेमकं काय होतं?

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टमार्गे ॲक्सलपर्यंत येते. तिथे डिफरन्शियलमध्ये दोन मुख्य गिअर असतात: लहान पिनियन आणि मोठं क्राउन व्हील. गॅरेजमध्ये या जोडीला 'क्राउन-पिनियन' म्हणतात. क्राउनला ४१ दात आणि पिनियनला १० असतील, तर रेशो झाला ४.१०. म्हणजे शाफ्टच्या ४.१० फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते.

हा आकडा जितका मोठा, तितकी चाकाला ओढ जास्त. पण तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला जास्त फिरावं लागतं. गिअरच्या सायकलवर चढ आला की आपण हलका गिअर टाकतो, तसंच हे.

आता टायर मोठा केला की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते. म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक गिअर जड होतो. त्यात मोठ्या टायरचं वजनही जास्त. हा सगळा भार क्लचवर आणि इंजिनावर येतो.

मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा

आधी टायरची उंची काढू. टायरवर २५५/७५ आर१७ लिहिलंय समजा. २५५ मिमी रुंदीचे ७५ टक्के म्हणजे १९१ मिमी. हे वर आणि खाली, म्हणून दुप्पट: ३८२.५. त्यात १७ इंची रिमचे ४३१.८ मिळवा. एकूण ८१४ मिमी, म्हणजे साधारण ३२ इंच.

जीप रँग्लर रुबिकॉनच्या जेके पिढीला हाच टायर यायचा. ४.१० रेशोची अशी गाडी धरू आणि तिला ३७ इंची टायर लावू:

४.१० × ३२ ÷ ३७ = ३.५५

म्हणजे गिअर ४.१० चाच, पण गाडी वागणार ३.५५ असल्यासारखी! पूर्वीची ओढ परत हवी असेल तर उलटं गणित:

नवा रेशो = जुना रेशो × नवा टायर ÷ जुना टायर

३७ इंचासाठी उत्तर येतं ४.७४ आणि ३५ इंचासाठी ४.४८. पण दात अर्धे-पाव नसतात, त्यामुळे बाजारात ठरावीकच रेशो मिळतात. इथे जवळचे म्हणजे ४.८८ (३९ आणि ८ दात) आणि ४.५६ (४१ आणि ९ दात). उत्तर दोन रेशोंच्या मध्ये आलं तर मी थोडा मोठा आकडा निवडेन, कारण टायरचं वाढलेलं वजन या गणितात धरलेलंच नाही.

मग सगळ्यात मोठा आकडाच का नको?

एक, हायवेवर इंजिन सतत जास्त फिरेल, आवाज वाढेल आणि मायलेज पडेल. दोन, मोठ्या रेशोसाठी पिनियनचे दात कमी करावे लागतात. त्यामुळे पिनियन लहान होतं आणि साधारणपणे नाजूकही.

प्रत्येकाने गिअर बदलायलाच हवेत का?

अजिबात नाही. मारुती जिम्नीचा १९५/८० आर१५ टायर ६९३ मिमी उंच आहे. त्याजागी २१५/७५ आर१५ घेतला तर उंची ७०३.५ मिमी, फरक जेमतेम दीड टक्का. एवढ्यासाठी डिफरन्शियल उघडू नका. माझा ठोकताळा असा: पाच-सहा टक्क्यांपर्यंत चालवून घ्या, दहाच्या आसपास गेलात की गिअरचा खर्च टायरच्या बजेटमध्येच धरा.

काम करून घेताना

फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ॲक्सलचे गिअर बदलावे लागतात. रेशो वेगळे ठेवले तर फोर-व्हील टाकल्यावर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतील आणि काहीतरी तुटेल. क्राउन आणि पिनियनमधला 'प्ले' मोजून बसवणारा अनुभवी मेकॅनिकच शोधा, नाहीतर डिफरन्शियल कण्हायला लागतं. नवे गिअर सुरुवातीला तापतात, म्हणून पहिले काहीशे किलोमीटर आरामात चालवा आणि नंतर ऑइल बदला.

स्पीडोमीटरही तपासून घ्या. वरच्या उदाहरणात नुसते टायर बदलले, तर काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी खरं तर ९२ च्या वर असेल!

आणि कायदा विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेले मूळ तपशील मनाप्रमाणे बदलता येत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलंय. त्यामुळे पैसे भरण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा.

आमचं हे गणित फोनवर दोन मिनिटांत झालं असतं. आम्ही ते केलं नवी क्लच प्लेट बसत असताना, गॅरेजच्या बाकावर बसून.