मला पुरू नका हं!

घोळाची भाजी खाल्ली आहेस का? जाडसर गुळगुळीत पानं, लालसर देठ आणि चव आंबट-खारट! मुगाच्या डाळीत शिजवा नाहीतर बेसन पेरून परता, गरम भाकरीबरोबर काय लागते म्हणून सांगू!

आता एक गंमत कर. बाजारातून जून झालेली घोळाची जुडी आली, की ती पांढऱ्या कागदावर हलकेच झटकून बघ. काळी काळी पूड पडली? ती माती नाही बरं का. त्या बिया आहेत! खसखशीच्या दाण्याएवढ्या. घरात भिंग असेल तर लावून बघच. प्रत्येक बी गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली दिसेल आणि तिच्या अंगावर असतील बारीक बारीक पुटकुळ्या!

याच बिया आपल्याला कुंडीत पेरायच्या आहेत. बी पेरायची म्हणजे काय करायचं? बोटाने खड्डा, खड्ड्यात बी, वर माती. बरोबर?

साफ चूक! घोळाची बी पुरायचीच नाही!

मातीवर नुसती भुरभुरवायची, तळहाताने हलकेच दाबायची आणि उघडीच ठेवायची. कारण या बीला उगवायला उजेड लागतो. असं का असेल? ओळख पाहू!

अरे, बी म्हणजे बाळरोपाचा खाऊचा डबा. आंब्याच्या कोयीत केवढा मोठा डबा असतो! घोळाच्या बीतला डबा मात्र इवलासा, जेमतेम एका घासाचा. खोल मातीत असताना तिने कोंब काढला, तर वर पोचायच्या आधीच खाऊ संपून जाईल. म्हणून ती उजेडाची वाट बघते. उजेड दिसला म्हणजे आपण वरच आहोत, हे तिला कळतं. मग काढते कोंब! आणि उजेड नाही मिळाला तर? गुपचूप झोपून राहते. मातीत गाडलेल्या बिया कितीतरी वर्षं अशा जिवंत राहतात. एक दिवस कुणी माती खणतं, बी वर येते आणि टुणकन जागी होते!

चल, पेरू या. दिवस उन्हाळ्याचे हवेत, कारण माती गार असली की ही बी ढिम्म हलत नाही. पसरट कुंडी घे. चिमूटभर बियांत मूठभर कोरडी वाळू मिसळ, म्हणजे सगळ्या एकाच जागी पडणार नाहीत. पाणी झारीने धो धो ओतू नकोस. बिया वाहून जातील ना! हाताने शिंपड. साधारण आठवड्याभरात लालसर देठांची जुळी पानं डोकं वर काढतील. फार दाटी झाली तर काही रोपं उपटून घे. ती धुऊन कोशिंबिरीत टाकता येतात!

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. जमिनीलगत पसरणारी, दुधी नावाच्या तणासारखी काही रोपं दुरून घोळासारखीच वाटतात. त्यांचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. घोळाच्या देठात चीक नसतो, साधं पाणी असतं. चीक दिसला तर तोंडात घालायचं नाही! मोठ्यांना दाखवल्याशिवाय कुठलंच रोप खायचं नाही.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट!

पानांना डोळ्यांना न दिसणारी चिमुकली तोंडं असतात. त्यातून पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि त्यापासून अन्न बनवतं. पण तोंड उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन निसटतं. भर उन्हात, कुंडी कोरडी पडलेली असताना हे परवडेल का? मग घोळ काय करतो माहितेय? दिवसा तोंडं बरीचशी मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो! रात्री घेतलेला वायू आम्ल करून साठवतो आणि दिवसा उन्हात वापरून टाकतो. ही निवडुंगाची युक्ती. मक्याची आणि उसाची युक्ती वेगळी, कडक उन्हातही भराभर अन्न बनवायची. घोळाला दोन्ही येतात! तेही एकाच पानातल्या त्याच पेशींमध्ये. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे 2022 मध्ये दाखवून दिलं.

तुलाही याची चव घेता येईल! रोपं मोठी झाली की एका कुंडीचं पाणी काही दिवस तोड. मग एक पान पहाटे धुऊन खा, एक संध्याकाळी. पहाटेचं जास्त आंबट लागतं का बघ. रात्रभर साठवलेलं आम्ल ना ते!

भाजीसाठी शेंडे कात्रीने काप, खालून पुन्हा फुटवे येतील. एक रोप मात्र तसंच राहू दे. सकाळच्या उन्हात त्याची पिवळी फुलं थोडाच वेळ उमलतात. मग येतात हिरव्या डब्या. पिकली की डबीचं झाकण आपोआप निघतं, अगदी खरोखरचं झाकण, आणि आत काळ्या बिया! चांगलं फोफावलेलं एक रोप 2 लाखांहून जास्त बिया देऊ शकतं. रोप उपटून ठेवलं तरी देठातल्या पाण्यावर बिया पिकतच राहतात. तेव्हा उपटलेलं रोप बागेत कुठेही टाकू नकोस हं! नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात मोगऱ्यात घोळ, तुळशीत घोळ, कढीपत्त्याखाली घोळ आणि ताटात रोज घोळाचीच भाजी!