‘अनुपान’ : शब्द आणि औषध

‘अनुपान’ हा शब्द मराठीत आता मध, तूप वा कोमट पाणी यांपुरताच उरला आहे. औषधासोबत किंवा त्यामागून घ्यावयाचे ते अनुपान. औषधाचा गुण त्याच्या सोबतीवरही अवलंबून असतो, हे या शब्दाने गृहीत धरले आहे. आधुनिक औषधशास्त्राने या गृहीताची कारणमीमांसा केली.

पोटात घेतलेले औषध सामान्यतः आतड्यातून रक्तात शिरते, यकृतातील विकरे त्याचे रूपांतर करतात आणि पुढे ते मूत्रावाटे वा पित्तावाटे बाहेर पडते. या वाटेवर दुसरा पदार्थ भेटला, की मात्रा तीच राहूनही परिणाम पालटतो. पपनसाच्या जातकुळीतील ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातील एक विकर निष्प्रभ करतो. त्यामुळे रक्तदाबावरील फेलोडिपिनचे रक्तातील प्रमाण कितीतरी वाढते, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. क्षयावरील रिफॅम्पिसिन याउलट विकरे वाढविते. मग रक्ताची गुठळी होऊ न देणारे वॉरफेरिन अपुरे पडते. त्याच वॉरफेरिनला ॲस्पिरिनची जोड मिळाल्यास रक्तस्रावाचे भय वाढते, कारण दोन्ही औषधे रक्त थांबण्याची क्रिया निरनिराळ्या टप्प्यांवर अडवितात.

रोगी डॉक्टरांना गोळ्यांची नावे सांगतो. घरचा काढा मात्र सांगत नाही, कारण तो त्याला औषध वाटत नाही. मिऱ्यातील पिपरिनदेखील काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढविते. ‘अनुपाना’चा व्यापक अर्थ स्मरणात ठेवल्यास ही माहिती डॉक्टरांपर्यंत वेळीच पोहोचेल.