पाळलेली गाडी, मातलेली गाडी

यंत्राला सजीव कल्पून लिहिलेल्या कवितेचा विषय निघाला, की चेतनगुणोक्ती अलंकाराचे नाव घेऊन आपण मोकळे होतो. परंतु अलंकार ओळखल्याने कविता उलगडतेच असे नाही. सजीव झालेले यंत्र कोणाच्या दावणीचे आहे, हे आधी पाहावे, असे आम्हांस वाटते.

वाफेचे इंजिन कवींना विशेष मानवले ते उगीच नव्हे. ते कोळसा खाई, पाणी पिई. त्याचा श्वास तर निव्वळ भास नव्हताच. सिलिंडरांतून सुटलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडे आणि तिच्या ओढीने भट्टीत हवा शिरून विस्तव फुले. चढावर धाप जितकी मोठी, तितकी आग प्रखर!

अमेरिकेतील ॲमहर्स्ट गावी रेल्वे आली १८५३ साली. आपली मुंबई-ठाणे गाडी सुटली तेही हेच साल. ती आणण्यात पुढाकार घेणाऱ्यांत एमिली डिकिन्सन या कवयित्रीचे वडील होते. तिने पुढे १८६२च्या सुमारास लिहिलेल्या कवितेत गाडीचे नावच नाही. मैलामागून मैल चाटणारा, टाक्यांपाशी पोट भरणारा, वाटेवरच्या खोपटांत तोऱ्याने डोकावणारा कोणी प्राणी तेवढा दिसतो. अखेर तो खिंकाळतो आणि ठरल्या वेळी स्वतःच्याच तबेल्याच्या दाराशी मुकाट उभा राहतो. प्रचंड बळाचा, पण घरचा. कवयित्रीच्या मृत्यूनंतर, १८९१ साली, संपादकांनी वर आगगाडीचे नाव घालून कोडे आधीच फोडले. याला रसिकता म्हणवत नाही.

कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’तील (१९४२) ‘आगगाडी व जमीन’ वाचताना मात्र तबेला आठवत नाही. परकी सत्तेने रूळ अंथरलेल्या देशातली ही गाडी आहे. येथे जमीनही सजीव आहे, आणि मराठीत दोघी स्त्रीलिंगी. त्यामुळे जमिनीची विनवणी एका बाईने दुसरीस केलेली वाटते. गाडी मदाने तिला धुडकावते. मग जमीन खवळते, पूल कोसळतो, गाडीचे तुकडे होतात. हे केवळ राजकीय रूपक मानणे आम्हांस अपुरे वाटते. तुडवणाऱ्या कोणासही ते लागू पडते.

ही कविता वाचून पुन्हा डिकिन्सनकडे वळले, की एक गोष्ट खटकते. तिच्या प्राण्याने चाटलेल्या त्या दऱ्या कवितेत एक शब्दही बोलत नाहीत.